नऊ गेट

अंबडला दिवसभर पॅनलचं वायरिंग.
फेरूल चढव, लग दाब, स्क्रू आवळ,
एकशे बारा, एकशे तेरा.
खैरनार साहेब प्रत्येक वायर ओढून बघतात,
सुटली तर माझ्याकडे, नाही सुटली तरी माझ्याकडे.

आणि रात्री घरी मी पुन्हा तेच करते.
फुकट.

शेजारच्या ओजसने जुन्या लॅपटॉपवर खेळ टाकून दिला:
"ताई, तुम्हाला जमेल, तुमचं कामच हे."
यात कुणी मरत नाही, कुणाला पळायचं नसतं.
डावीकडून दोन तारा आत येतात,
उजवीकडून एक बाहेर जाते,
मधली मोकळी जागा माझी.
गेट एकाच जातीचं मिळतं:
दोघं हो म्हणाले तरच नाही म्हणणारं,
एरवी सगळ्याला हो.
(अशी एक चुलत सासू आहे मला.)

सतरावं कोडं.
दोनपैकी नेमकी एक तार जिवंत असेल
तरच दिवा लागला पाहिजे.
दोन्ही असतील तर नको.
एकही नसेल तर नको.
चार रात्री गेल्या,
लाईटबिलांच्या पाठी संपल्या.

बुधवारी प्रल्हाद तिसऱ्या पाळीला निघाला, सातपूरला.
आमच्या जिन्याला एकच दिवा,
एक बटण वर, एक खाली.
त्याने खालून दाबलं, मी वरून,
एकाच क्षणी.
अंधार होता तो तसाच.
"अगं, लाव की!"
"लावला ना!"

आणि मी तिथेच थांबले.
म्हटलं, हलू नकोस, आता तू एकटा दाब.
आता मी.
आता पुन्हा दोघं.
डबा आणि हेल्मेट एका हातात धरून
तो दुसऱ्याने बटण दाबत राहिला,
दिवा, अंधार, अंधार.
"झालं का तुझं? बायोमेट्रिक आहे तिकडे."

त्याच रात्री सुटलं.
हिरवी खूण आली, तिच्याखाली आलेख:
जगातले बहुतेक लोक चार गेटांत करतात.
माझे नऊ.
माझी रेघ टोकाला,
मखमलाबाद ओलांडून गेल्यावर
द्राक्षबागेत एकटंच घर असावं तशी.

वाईट वाटलं नाही म्हणणार नाही.
पण पॅनलमध्येसुद्धा मी वायर थोडी लांबच ठेवते,
उद्या कुणाला उघडावं लागलं तर
हात जायला जागा हवी.

आता पाचला उठते.
डिसेंबरची थंडी, कीबोर्ड गार,
गॅसवर चहाचं आधण.
एक गेट काढते, सगळं कोसळतं.
परत ठेवते. दुसरं काढते, चालतं.
सात झालेत.
तीन अजून जास्तीची आहेत कुठेतरी,
दिसत नाहीत.

खाली गाडी थांबते.
मी उठून जिन्यापाशी जाते, बोट बटणावर ठेवते,
आणि काढून घेते.

त्याला दाबू दे.