माप-वही, पान एक्केचाळीस

मिशारी बिन फलाह. छाती अडतीस, कंबर तीस.
उजवा खांदा पाव इंच खाली.
हे लिहिलं तेव्हा तो किनारा-दलात साधा लेफ्टनंट,
बैठकीत उसवलेली पँट घेऊन आला होता.
पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. दिले.
हे सांगायला हवं. दिले त्याने.

रास अल-मिल्हच्या मासळी बाजारामागे माझं दुकान,
खाली मशीन, वर झोपायची फळी,
भिंतीवर दाभोळच्या जेटीचं कॅलेंडर, साल जुनं.
तो मला खय्यात म्हणायचा, मी त्याला साहेब.
आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा, एकदा म्हणाला,
कानांचे पडदे गेले म्हाताऱ्याचे,
घरात सगळे ओरडूनच बोलायचे.
म्हणून माझा आवाज मोठा.

मोठा आवाज कामाला आला.
कॅप्टन झाला: छाती चाळीस.
जनरल झाला: बेचाळीस, आणि डावीकडे आतून
कॅनव्हासचं दुहेरी अस्तर,
कारण पदकांनी कापड ओघळतं.
संरक्षणमंत्री झाला त्या रमजानात कंबर एकोणचाळीस.
गल्लीच्या तोंडाशी त्याचं दोन मजली पोस्टर लागलं.
मी आधी खांदा पाहिला.
उजवीकडे भरलेला कापूस कळत नव्हता.
चांगलं काम, मनात म्हटलं, पोस्टरच्या सावलीत उभा राहून.

मग युद्ध.
खिडक्यांना काळा कागद, पाण्याला रांग,
रोज रात्री नऊला टीव्हीवर तो:
एक वीतही मागे हटलो नाही.
आणि दर शुक्रवारी त्याचा ड्रायव्हर कुट्टप्पन
वर्दी घेऊन यायचा. कंबरेत आत घे.
पहिल्या शुक्रवारी एक इंच,
पुढच्या शुक्रवारी दीड.
तो वितीत बोलत होता, मी इंचात ऐकत होतो.
तिसऱ्या शुक्रवारी कॉलर आवळायला आली
तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पोरांना सांगितलं, सामान बांधा.
रेडिओवर विजयाची गाणी चालू होती.

सामान बांधून जाणार कुठे?
त्याच्याच सहीचा हुकूम होता:
गोदीतल्या परदेशी माणसांनी जागा सोडायची नाही,
बोटी रिकाम्या व्हायच्यात.
माझा मेव्हणा आदम तिथे क्रेनवर.
सहा नंबरचा धक्का.

कफनाला शिवण नसते.
जन्मभर शिवत आलो, त्याच्यासाठी नुसतं फाडून दिलं.

शहर शरण गेलं मंगळवारी.
पोरांनी पोस्टरला डांबर फासलं,
मग त्याच पोरांच्या आयांनी ते कापून नेलं
फुटक्या तावदानांना लावायला.
जाड होतं. वारा अडायचा.

बुधवारी रात्री शटरवर टकटक.
ड्रायव्हर नाही, गाडी नाही, हातात प्लास्टिकची पिशवी.
बिल्ले काढ, म्हणाला. साधा कोट कर.
ऐकायला मला वाकावं लागलं.

मी टेप काढली. सवय.
छाती अडतीस. कंबर तीसही भरेना.
खांदा आता अर्धा इंच खाली.
टेप त्याच्या गळ्याभोवती होती तेव्हा
आदमचं नाव घ्यावं असं वाटलं.
दोन्ही टोकं माझ्याच हातात होती.
साडेचौदा, मी म्हटलं. आणि लिहिलं.

पहाटेपर्यंत उसवत बसलो.
पदकांखालचं कापड कोऱ्यासारखं गर्द निघालं,
ऊन न लागलेले आठ चौकोन.
बाकी कोट विटलेला.
असल्या खुणा इस्त्रीने जात नाहीत, मी सांगितलं त्याला.
तसाच घालून गेला, मासळीच्या हातगाड्यांमागून.
पकडला म्हणतात. कुणी म्हणतं, होडीतून सुटला.

बिल्ले गुंड्यांच्या बरणीत आहेत.
शिलाई अडीच दिनार.
पुढच्या महिन्यात देतो, असं या वेळी म्हणाला नाही.
पान एक्केचाळीसवर बाकी मांडली,
त्याखाली आदमचं नाव का लिहिलं, ठाऊक नाही.
खोडलं नाही.