वारा शिवताना

पिंपळनेरचा बाजार. शुक्रवार.
माझ्या आरीपुढं रेवजी गावितनं ठेवली
पलटणीतून आणलेली पिशवी :
वर चौकडीचं कापड, आत कातडं, पाच भोकं.
म्हणाला, वारा निसटतो, मामा.

मोटा शिवल्या मी, पखाली शिवल्या,
वारा कधी शिवला नव्हता.

तोंडानं फुगवली, भोकं दाबली,
सायकलच्या ट्यूबसारखी बादलीत बुडवली.
रेवजीचा जीव खालीवर.
शिवणीच्या पोटाशी एक बुडबुडा,
थांबून दुसरा.
दुहेरी दोरा घातला, मेण चोळलं,
चाळीस रुपये सांगितले.

त्याचा बाप भिकल्या उकिडवा बसून बघत होता,
मांडीवर भोपळ्याची पावरी.
डोंगऱ्यादेवाच्या पौर्णिमेला रात्रभर फुंकतो हा.
नाकानं आत, गालांनी बाहेर,
सूर मधे तुटत नाही.
हसला :
"सरकारनं पोराला पिशवी दिली.
आमची देवानंच तोंडात शिवून धाडली."

रेवजीनं काखेत धरली, कोपर दाबलं.
तीन नळ्या एकदम घुमल्या.
मिरचीवालीनं पदर नाकावरून काढला
आणि कुणाचा तरी बैल दावं ताणून उभा राहिला.
म्हाताऱ्यानं पावरी ओठाला लावली.
थोडा वेळ कळेना
कुठला सूर पलटणीचा, कुठला डोंगराचा.

मग पावरी फुसकन् बसली.
भिकल्यानं जबडा उघडला,
बोट दाढेच्या रिकाम्या जागेवर ठेवलं,
"इथनं निसटतो,"
आणि माझ्या आरीकडे बघितलं.