निळी पेटी

सायत्राबाईच्या घरापाशी
माझी चप्पल आपोआप हळू होते.
खांद्यावर निळी पेटी, आत बर्फ,
आणि बर्फाच्या मधोमध
ज्याचं नाव मला नीट घेता येतं
पण समजावता येत नाही, असं काहीतरी.

दार बंद. आत टीव्ही चालू.
"झोपली हायेत लेकरं."
लेकरं तर समोर बोरीखाली
गोट्या खेळत होती.

रजिस्टरात लिहिते : नकार.
कारणाचा रकाना बोटभर रुंद.
त्यात कसं मावेल
शाळेच्या व्हरांड्यातलं ते शिबिर,
सतरंजीवर ओळीनं निजवलेल्या बाया,
त्यांतली सायत्राबाईची धाकटी जाऊ, कांता.
तिच्या टाक्यांतून तिसऱ्या दिवशी पाणी आलं
आणि तालुक्याला खिडकीतला माणूस म्हणाला,
आधी कागद.
कांता वाचली. अजून पोट धरून चालते.
काय चुकलं
ते सांगायला कोणीच आलं नाही.
अकरा वर्षं.

अशा गावात कोटजावळे येतो फटफटीवर.
डिग्री कुठली, कोणी विचारत नाही.
तो हात धरतो, जीभ पाहतो,
शेळी व्याली का विचारतो,
सुई टोचतो, पन्नास रुपये, उधारीही चालते.
त्याच्या सुईत काय असतं, मला माहीत आहे.
तरी एका रात्री, उपकेंद्राची किल्ली माझ्याच पदराला
आणि आत तापाचं औषध संपलेलं,
माझ्या सुमेधला घेऊन
मी त्याच्याच दारात उभी होते.
हे रजिस्टरात नाही.

धान कापणीत सायत्राबाईच्या धाकट्या नातवाला
तापात झटके आले.
ट्रॅक्टरवर टाकून आणलं त्याला.
नवी डॉक्टरीण, पोरसवदा, चष्म्याला दोरा.
तिनं झटके थांबवले. मग म्हणाली,
"ताप कशाचा, मला नाही कळत अजून. विचारते."
आणि सगळ्यांदेखत फोन लावला,
पुढे ऐकत राहिली, लिहीत राहिली,
एकदा "चुकलं माझं, सर" असंही म्हणाली.
मला वाटलं, संपलं.
बाकावरचं सारं गाव ऐकत होतं.

परतताना सायत्राबाई पुलापर्यंत गप्प.
मग म्हणाली,
"तिनं इचारलं.
कोटजावळ्यानं कधी कोणाले इचारलं नाई."

या बुधवारी दार अर्धं उघडं.
त्यातून मोठ्याचा दंड तेवढा पुढे आला.
"अन् धाकट्याचं?"
"त्याचं पाहू. याले ताप येते का, ते पाहतो आधी."
"येईल," मी म्हणाले. "एखादा दिवस. दंडही दुखेल."
इतक्या वर्षांत
हे टोचण्याआधी सांगितलं, असं आजच झालं.
ती बघत राहिली माझ्याकडे.

रकान्यात काय लिहू, सुचलं नाही.
पेटीतला बर्फ अजून घट्ट होता.
पुढचं घर कांताचं.