एक ते दहा

समडोळीच्या पारावर
फॉर्म घेऊन आलेली पोरगी विचारते,
"आजोबा, आयुष्याला किती गुण? एक ते दहा."

आदगोंडा त्र्याण्णवचे.
चष्मा पुसतात सदऱ्याच्या टोकानं.
"कालचे सांगू का आजचे?"

म्हैस आटलीय.
परवा बाबगोंडाची तिरडी बांधली,
हात थरथरले,
गाठ मात्र पक्की बसली.
आज दिवस मावळायच्या आत
भाकरी, वांगं, वर दही.
दही हलिमाच्या घरचं,
न मागता आलेलं.

"सात लिही."
पोरगी लिहिते, वही मिटते, निघते.

गल्लीच्या वळणापर्यंत
काठी वाजत येते मागून:
"आगं, थांब जरा.
नातसून सकाळी खेकसली माझ्यावर,
अंगणात चप्पल न घालता फिरलो म्हणून.
अजून कुणीतरी खेकसतंय बघ.
आठ कर."