ऐंशी तऱ्हा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गाजूल टेक्स्टाइलमध्ये
मी वायरमन. सव्वीस वर्षं झाली.
लाइट गेली की माग एकदम मुके होतात
आणि कानांत जे उरतं, त्याला शांतता म्हणवत नाही.
एप्रिलात तर वरचा पत्राच बोलायला लागतो, टण्, टण्.

लाइट आली की माझं काम.
आधी मेन. मग दोन बोर्ड, डावा नि उजवा.
दर बोर्डावर दोन माग, चारी टॉवेलचे.
सात खटके. हात आपला फिरतो,
कधी डावीकडचं सगळं आटपून उजवीकडे,
कधी इकडे एक, तिकडे एक,
वैद्य नाडी बघतो तसा.

मालकांची धाकटी, स्रवंती, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला.
सुताच्या रिकाम्या कोनावर पेन टेकवून म्हणाली,
"इरय्याकाका, किती तऱ्हा?"
कसल्या ग?
"खटके टाकायच्या. मेनच्या आधी बोर्ड नाही,
बोर्डाच्या आधी त्याचा माग नाही. बाकी तुमची मर्जी."
म्हटलं, मर्जी मालकाची, लाइट सरकारची,
माझा फक्त अंगठा.

सात खटके मोकळे सोडले, तर पाच हजार चाळीस, ती म्हणाली.
सात गुणिले सहा गुणिले पाच, असं उतरत एकापर्यंत.
क्रमगुणित. आता त्याचे अवयव पाडू.

अवयव पाडू.
मला पट्ट्यात गेलेली मल्लूची बोटं आठवली.
मी काही बोललो नाही.

तिनं कोनावर झाड काढलं, उलटं, मूळ वर.
प्रत्येक गाठीपाशी लिहिलं,
स्वतःला धरून आपल्या पदराखाली किती.
मेनपाशी सात. बोर्डापाशी तीन, दुसऱ्यापाशीही तीन.
मागाच्या पदराखाली कोण? तो एकटा. एक.
गुणाकार त्रेसष्ट.
पाच हजार चाळिसाला त्रेसष्टनं भागलं, ऐंशी.
का भागायचं?
"सात जणांत मेनच पहिला, हे सातांतून एकदा.
बोर्ड आपल्या तिघांत पहिला, तिनांतून एकदा. दोनदा."
एवढं मला कळलं. पगाराच्या रांगेत मी उभा राहिलोय.

मग तिला चेव आला.
सातही खटके एकाखाली एक, दिवाळीच्या माळेसारखे?
एकच तऱ्हा, आणि सगळा बोजा झाडाच्या अंगावर.
सहाही थेट मेनला?
सातशेवीस तऱ्हा, गुणिले सात.
म्हटलं, बाई, मेन जळेल.
"जळू दे, कागदावर आहे."
आकडा तोच, पाच हजार चाळीस,
झाड बदललं की वेगळा फुटतो,
जसा एकच पगार
घराघरांत वेगळा संपतो.

लक्ष्मीपतीशेठ श्रावणात गेले.
अंबादासनं डावी बाजू घेतली, व्यंकटेशनं उजवी.
मधे विटांची भिंत, दोन मीटर, दोन पाट्या.
मेनचा जुना डबा मीच उतरवला.
आत पालीची अंडी होती, चार,
साखरेच्या गोळ्यांसारखी.
स्रवंती तेव्हा हैदराबादला, नोकरीत.

रात्री बिडी विझली तरी हातात कोन होता.
सहा खटके. सातशेवीस.
तीन आणि तीन, नऊ.
भागलं. पुन्हा भागलं.
ऐंशी.
शेठ गेले ते आपले सात घेऊन गेले,
तऱ्हांना हात लावला नाही.
खरं तर मेन पहिला असायचाच,
त्याच्यापाशी निवड कसली होती.
आयुष्यभर पहिला, आणि मोजणीत
असला नसला सारखा.
हे पोरीला फोन करून सांगावं म्हटलं,
मग वाटलं, तिला ठाऊक असणार,
आणि बाप तिचा आहे.

दोन्हीकडची कामं अजून माझ्याकडेच.
परवा लाइट आली, मी डावे तिन्ही टाकले,
उजवीकडे जायला निघालो, समोर भिंत.
ऐंशी आहेत, हिशोब चोख आहे.
फक्त आता कुठलीही घ्या,
एकदा तरी चप्पल घालून
उन्हातून वळसा मारावा लागतो.