कलम सतरा

चार माग भंगारात गेले, किलोवर.
काट्याशी मीच उभा होतो.
बापानं ज्यांच्यावर चादरी विणल्या
त्यांचं वजन मला पहिल्यांदा आकड्यात कळलं.
आलेल्या पैशात चहाच्या दुकानाची फ्रँचायझी फी भागली,
वरचा अठरा टक्के जीएसटी भागला नाही.
त्याला भाग्यलक्ष्मीच्या पाटल्या.

फी तीन लाख. परत न मिळणारी.
हे तीन शब्द करारात सात वेळा येतात.
डिपॉझिट वेगळं, ते परत मिळणारं,
पण कधी, ते कलम बाविसात,
आणि बावीस म्हणतं, तीस पाहा,
आणि तीस म्हणतं, कंपनीच्या मर्जीनुसार.

चौतीस पानं, इंग्रजीत.
बायको बीकॉम. तिनं रात्री वाचून दाखवली
अशोक चौकातल्या आमच्या पत्र्याखाली,
मे महिना, फॅन नुसता गरम हवा ढवळतोय,
पाचव्या दिवशी आलेलं पाणी भरता भरता,
एक कलम, एक घागर.
रॉयल्टी सहा टक्के. नफ्यावर नाही, विक्रीवर.
"म्हंजे तोटा झाला तरी?"
"तरी."
जाहिरातीचे दोन टक्के, जाहिरात पुण्यात दिसणार.
पूड त्यांची, कप त्यांचे,
भिंतीचा पिवळा रंगसुद्धा त्यांच्याच माणसानं द्यायचा,
आमच्या बोळात तीन पेंटर बसून असताना.
भांडण झालं तर कोर्ट पुण्याचं.
यन्नम अंबादास मल्लय्या, हे पहिल्या पानावर एकदाच.
पुढं तेहतीस पानं मी नुसता दुसरा पक्ष.

मग सतरा.
दुसऱ्या पक्षाच्या कुटुंबातील कोणीही
तीन किलोमीटरच्या आत
तत्सम पेय…
भाग्यलक्ष्मी थांबली.
घागर भरून वाहायला लागली.

अव्वा उंबऱ्यात बसून उद्याचं आलं ठेचत होती.
बावीस वर्षं तिची ॲल्युमिनियमची किटली
कारखान्यांतून फिरते.
खडखडाटात हाक ऐकू जात नाही,
मागावरचा माणूस बोटं दाखवतो, ती ओतते.
माझी दहावी, बहिणीचं लग्न,
सगळं त्या तोटीतून आलेलं.

"तत्सम म्हंजे काय रे बिड्डा?"
"तुझा चहा."

पुण्याला फोन लावला.
साहेब म्हणाले, स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे,
एका माणसासाठी बदलत नाही.
मी निळ्या पेननं सतरावर रेघ मारली, शेजारी सही केली.
आठ दिवसांत परत आलं: खाडाखोड चालत नाही.
नवा स्टॅम्प पेपर, पाचशे रुपये, तेही माझेच.

त्या रात्री अव्वा म्हणाली, "बरं, नाही विकत.
पाजलं तर चालतंय की?"
कलमात 'विक्री'च्या पुढं 'वा वितरण' होतं.
भाग्यलक्ष्मीनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हणालो, चालतंय.

नोटरीचं टेबल कोर्टाबाहेर, लिंबाखाली.
प्रत्येक पानाच्या तळाशी सही.
आकडा संपत नव्हता, हात घामेजला,
तेवढ्यात अव्वा आली, किटली घेऊन.
कुणी बोलावलं नव्हतं.
नोटरीला एक, साक्षीदारांना दोन,
टायपिस्टला अर्धा, त्याला साखर आहे म्हणून.
शिक्का उमटायच्या आधीच
कलम सतरा साडेतीन कपांनी मोडलं.
चौथा पूर्ण कप पुण्याच्या साहेबांना.
त्यांनी फुंकर मारत घोट घेतला,
थांबले, आणखी एक घेतला.
"आजी, काय घालता यात?"

अव्वाचा चेहरा असा फुलला
की मला पेन खाली ठेवावासा वाटला.
पदराला हात पुसून ती सांगायला लागली.
आलं आधी नाही, साखर विरघळल्यावर.
बडीशेप कोरड्या तव्यावर, नुसती हसेपर्यंत.
गवती चहा कापायचा नाही, गाठ मारून सोडायचा,
आन् दूध उतू जाऊ द्यायचं, एकदाच, थोडं,
जमिनीचा वाटा.
बावीस वर्षांचं सगळं
तिनं उभ्या उभ्या देऊन टाकलं.

साहेब फोनमध्ये लिहून घेत होते.
मी एकोणतिसाव्या पानावर होतो.