चांगली म्हणजे काय

पोपरिंगाच्या आमच्या तळघरात, बटाट्यांच्या शेजारी
चोवीस बाटल्या. हेर्लिंदच्या हातची काळी बिअर,
खोक्यावर खडूनं लिहिलेली तारीख.

भरून झाल्या त्याच हिवाळ्यात तिला ताप आला,
आणि जाताना वास घेऊन गेला.
कॉफी नाही, धूर नाही, ओलं कुत्रं नाही.
म्हणाली, आता प्यायची तू आणि सांगायचीही तूच.

मी एकतीस वर्षं टपाल वाटलं.
दुसऱ्यांचे शब्द दारोदार पोचवले,
स्वतःचे फारसे लागलेच नाहीत.
पहिली बाटली उघडली. म्हटलं, चांगली आहे.
"चांगली म्हणजे काय?" तिनं वही पुढं ओढली.
"कालव्याचं पाणीही बदकांना चांगलंच लागतं."

मग अडखळत: कडू.
संत्र्याची साल नखानं सोलली की नाकात उडते तशी.
सप्टेंबरात हॉप्सचे वेल खाली ओढतात
तेव्हा हाताला राहतो तो हिरवा चिकटपणा.
आणि शेवटी घशात जरा आग.
तिनं लिहिलं: कच्ची. थांबायचं.

दुसऱ्या वर्षी संत्रं गेलं होतं.
मी ग्लासात शोधत राहिलो, कपाळावरचा चष्मा शोधावा तसा.
त्याजागी पावाची करपलेली कड, थोडे मनुके,
आग निवून नुसती ऊब झालेली.
"मनुके कोरडे की भिजवलेले?"
मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी
दोन वाट्या घेऊन बसलो.
भिजवलेले.

चौथ्या वर्षी घोट घेतला आणि थेट म्हणालो,
"वेस्टाउटरचा पाऊस. सायकलच्या पिशवीत
तळाशी राहून फुगलेलं पार्सल."
ती इतकी हसली की पेन्सिल खाली पडली.
"पुठ्ठा! बुचातून हवा शिरली.
चला, एकदाचा बोललास."
बिअर बेसिनमध्ये ओतली,
पान मात्र तिनं कोपरा दुमडून ठेवलं.

काल सातवी. त्याच पिंपातली, त्याच दुपारी भरलेली,
त्या पुठ्ठ्याला खेटून उभी असलेली.
खजूर. जुन्या कपाटाचा खण ओढल्यावर येतं ते लाकूड.
किंचित खारटही काहीतरी. फेस जेमतेम,
दूध तापायच्या आधी कडेला धरतं तेवढा.
मी बोलत होतो, ती लिहीत नव्हती.
ग्लास ओढून घेतला, घोट तोंडात धरला.
नाकाशिवाय जिभेला कळतं ते थोडंच,
पण ते तिचं तिला कळतं.

"कडवटपणा कमी झालाय," म्हणाली.
"हे तुला विचारायला नको."

अजून सतरा आहेत. मी बहात्तर, ती शहात्तर.
हिशोब दोघांनीही मनातच केला,
ओठ तिचे हलले.
"पुढच्या वर्षापासून दोन-दोन उघडू," ती म्हणाली,
आणि मग, मी अजून जिन्यातच असताना,
"तो तळघरातला दिवा विझव आधी,
उजेडानं नासतात."